फिनलंड : माझे अनुभव

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहिणार. कारणही तसंच आहे. बोळिंजच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने ८ फेब्रुवारीला माझं व्याख्यान ठेवलंय. विषय मीच सुचवला, ‘फिनलंड : माझे अनुभव’. मी फिनलंडला गेलेलो नाही, ही तांत्रिक बाब. रिद्धी गेली आहे. अकरा महिने झाले, तिथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. मुलगी माझी, म्हणजे अनुभवही माझेच.

मंडळातले सॅन्टन वीस वर्षं जहाजावर होते. चाळीस देश बघून आले, पण त्यांना कोणी बोलायला बोलावलं नाही. नुसतं बघून काय होतं? निरीक्षण लागतं.

६ जानेवारी, मंगळवार
रिद्धीचा व्हिडिओ कॉल. वही घेऊनच बसलो. तिथे बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली तरी लोक उभे राहतात. स्टॉपवर दोन-दोन मीटर अंतर. जिन्यात कोणी नाही ना, हे दाराच्या भोकातून बघून मगच शेजारी बाहेर पडतात. रिद्धी म्हणाली, चार दिवसांत कामाबाहेर एक माणूस माझ्याशी बोललेला नाही.
मुद्दा क्र. १ : शांतताप्रिय समाज.
नाहीतर आम्ही! काल शेजारचा गंगाराम बेल न वाजवता थेट किचनमध्ये, आणि कालवणावरचं झाकण उचलून बघतोय. मथुरा त्याला वर वाढते. बायको म्हणून चांगली आहे, पण प्रायव्हसी कशाशी खातात ते तिला माहीत नाही.
तिने रिद्धीला विचारलं, जेवलीस का. रिद्धी गप्पच झाली. नेटवर्क अडकलं असावं.

९ जानेवारी, शुक्रवार
तिथे वाढदिवसाचा केक ज्याचा त्यानेच आणायचा. कापायचा आणि टेबलावर ठेवून द्यायचा. लोक येतात, तुकडा घेतात, जातात. मुद्दा क्र. ४ : स्वावलंबन.
काल रिद्धीचा वाढदिवस होता, हे त्यावरून लक्षात आलं.
मग ती सौनाबद्दल, म्हणजे तिथल्या गरम वाफेच्या खोलीबद्दल, सांगायला लागली. तिथे सगळ्यांनी एकत्र, कपडे न घालता... एवढ्यात मथुरा फोन घेऊन आत गेली. मुद्दा क्र. ५ अपूर्ण.
फोन परत आला तेव्हा रिद्धीचे डोळे लाल. उणे बावीस म्हणजे डोळ्यांना पाणी येणारच. तिने विचारलं, पप्पा, मी परत आले तर? म्हटलं, ये की, दिवाळीत ये पंधरा दिवस. ८ तारखेच्या आत मात्र नको, मुद्दे कमी पडतायत.

१५ जानेवारी, गुरुवार
दोन दिवस कॉल नाही. मुलांना जबाबदारीची जाणीव नाही.
मथुरा रीमाला तिळगूळ द्यायला नायगावला गेली आणि मुक्कामालाच राहिली. रीमा तिची धाकटी बहीण. नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते आणि तेच सांगत असते. मी शिळी भाकरी खाल्ली.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ९
कॉल! तिथे पहाटेचे साडेपाच. पण रिद्धीच्या तोंडावर लख्ख ऊन. पूर्वी म्हणायची, जानेवारीत नऊ वाजेपर्यंत काळोख असतो. मागे पंखाही फिरत होता. मुद्दा क्र. ११ : हवामानबदल. वर्तमानपत्रवाल्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं.

२३ जानेवारी, शुक्रवार
आजचा कॉल सोन्यासारखा. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या आणि कुणाच्या तरी लग्नाच्या हळदीचा बँजो. आपली संस्कृती कुठवर पोचलीय! शिवाय रिद्धी तळलेले बोंबील खात होती, ताजे. फिनलंडला समुद्र आहे, म्हणजे बोंबील असणारच. गालही भरलेत पोरीचे. हवापाणी मानवलं एकदाचं. मी म्हटलंच होतं.
मथुराला सगळे मुद्दे वाचून दाखवले. म्हणाली, तुमचं निरीक्षण दांडगं आहे. तीस वर्षांत पहिलं कौतुक.

१ फेब्रुवारी, रविवार
कल्पना सुचली. व्याख्यानाच्या शेवटी मोठ्या पडद्यावर रिद्धी, थेट फिनलंडहून! सेक्रेटरी भावेश प्रोजेक्टर आणणार. सॅन्टनची जिरणार.
रिद्धी तीनदा नको म्हणाली. म्हटलं, इज्जतीचा प्रश्न आहे. म्हणाली, पप्पा, मला आधी तुम्हाला काहीतरी सांगायचंय. म्हटलं, ते स्टेजवरच सांग, जिवंत वाटेल.
मथुरा डबा घेऊन पुन्हा नायगावला निघाली. या आठवड्यातली तिसरी फेरी. मलाही चला म्हणत होती. कामाच्या माणसाला हे कुठलं जमायला.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.४०
शांतपणे लिहितो.
चाळीस खुर्च्या, एकतीस माणसं. हवामानबदलापर्यंत उत्तम. मग पडदाभर रिद्धी. मी खणखणीत आवाजात विचारलं, बाहेर तापमान किती आहे, श्रोत्यांना सांग. ती काही बोलणार, तोच मागून बादली घेऊन रीमा आली. म्हणाली, अगं टँकर आलाय, पाणी भरून घे आधी.
पुढच्या रांगेतून सॅन्टन म्हणाले, फिनलंडलापन टँकरच काय? हॉल फुटला. मी नेटवर्कला दोष दिला.
रिद्धी हसली नाही. म्हणाली, पप्पा, मी पंधरा जानेवारीपासून नायगावला आहे. परत जाणार नाही.
मग धोंडूबाई उठल्या. ऐंशीच्या, खाडीकडच्या. म्हणाल्या, हरेश, पोरगी का रं आली? कुनी काय बोललं का तिला? आजारी हाये काय?
कोणीच हसेना. एकतीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या वहीत सत्तावीस मुद्दे होते आणि ती का आली ते त्यात नव्हतं. मी वही चाळून बघितली, खरंच बघितली. लाज वाटली.

९ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी मथुरावर चिडलो, माझ्यापासून लपवलंत म्हणून. ती म्हणाली, लपवलं कुठे, बोंबीलसुद्धा दाखवले.
नायगावला गेलो. लिफ्ट बंद. चौदा मजले चढताना काय बोलायचं ते नीट ठरवलं. दार रिद्धीनेच उघडलं. मी विचारलं, विमान वेळेवर होतं ना? हो म्हणाली. रीमाने चहा केला. थोडा वेळ टॉवरच्या पाण्यावर बोलणं झालं.
मग विचारलं, कशी आहेस?
तिने माझ्या हातात वही आहे का ते बघितलं. म्हणाली, हे भाषणासाठी विचारताय का?
नाही म्हणालो. तिला पटलं नाही.