उताराच्या तोंडाशी उभ्या ट्रकचा पास रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय, घाटाचा पायथा

विषय : अर्जदाराने स्वतः मिळवलेला पास आजच, शक्यतो हा अर्ज वाचता वाचता, रद्द होणेबाबत.
संदर्भ : गेल्या आठवड्यात आपल्या सहीने मिळालेला पास.

महोदय,

या पासात अर्जदाराचा लाभ होता तो एवढाच : दाराशी उभे असलेले फिरते घर, म्हणजे ट्रकमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला ट्रेलर, एकदाचे हलले असते, आणि "घर तर घेतलंत, ते फिरणार कधी?" हा पत्नीचा टोमणा थांबला असता.

१. ट्रकचे मूळ ब्रेक ट्रकपुरतेच आहेत. मागे ट्रेलर जोडला की उतारावर तो ट्रकला ढकलतो. म्हणून अर्जदाराने पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क बसवल्या आणि ट्रेलरचेही ब्रेक सोबतच लागावेत असे यंत्र केबिनमध्ये लावले. तपासणीत "मूळ रचनेत बदल" असा शेरा पडला. वाद कोण घालणार? अर्जदाराने सगळे काढले, जुने ब्रेक चढवले आणि पास पदरात पाडून घेतला. नवे ब्रेक पुन्हा चढवायचे राहिले. ते पलंगाखाली खोक्यात आहेत.

२. आज अर्जदार कामावर असताना मेहुण्याने काचेवरचा पास पाहिला, ट्रेलर जोडला आणि पत्नी व मुलीला घेऊन निघाला. फोनवर अडवले तर म्हणाला, "भाऊजी, सरकारनं पास केलंय, नापास करणारे तुम्ही कोण?" अर्जदाराने काम सोडून आपले कार्यालय गाठले.

३. माथ्यावरच्या नाक्याआधीच्या लहानशा उतारातच ब्रेकमधून धूर निघाला व पेडल तळाला गेले. गाडी कशीबशी नाक्यावर थांबली. पत्नीने मुलीला उतरवले, चाकांपुढे दगड लावले आणि ती तिथेच ठाण मांडून बसली आहे. मेहुण्याने ब्रेकवर पाणी ओतले. धूर थांबला म्हणजे दुखणे बरे झाले, असे त्याचे मत. नाकेदार दगड काढायला सांगतो, कारण पास असलेली गाडी नाक्यावर उभी ठेवता येत नाही. पास नसता तर खुशाल अडकवून ठेवली असती, असे तो स्वतः म्हणतो.

४. आपले कारकून म्हणतात, पास रद्द करायचा तर गाडी इथे आणून दाखवा. महोदय, इथे यायला तोच घाट उतरावा लागतो.

५. मेहुणा एकटा ती उतरवायला तयार आहे. जेवणाची सुट्टी संपली की नाकेदार दगड काढणार. मेहुणा आगाऊ आहे, नेलेली शिडी परत करत नाही. पण पत्नीला तो एकच भाऊ आहे, आणि उतारावर पाठीशी काय असेल हे त्याला अजून उमगलेले नाही.

तरी नाकेदारास फोन करून पास रद्द झाल्याचे कळवावे व गाडी जागेवरच जप्त करावी. विनापास गाडीचा दंड अर्जदाराच्या नावे लावावा. पत्नीची सहल गेली, मेहुण्याने ब्रेक जाळले, पास अर्जदाराचा गेला. याहून जास्त कोणाला मोजावे लागू नये, इतकेच मागणे.

आपल्या टेबलावरच्या फोनकडे डोळे लावून खिडकीबाहेर उभा असलेला,
आपला नम्र,
(सही)
ट्रकमालक
दिनांक : आजचा, सुट्टी संपण्याआधी

सोबत : १. पासाची प्रत (मूळ पास काचेवर आहे). २. नव्या ब्रेकची पावती.

ता. क. : अर्जाची पोच नको. तेवढ्या वेळात फोन लावावा.