कडुबाच्या शेतातले तीन डेमो

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, दि. ४ एप्रिल २०२५

चि. राजकुमार यास,

सप्रेम जयभीम. रविवार, दिनांक २३ मार्च रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, क्रांती चौकातल्या त्या गारेगार हॉटेलात, तीन परक्या माणसांच्या देखत तू मला म्हणालास, "आक्का, तू फक्त सही कर अन् उद्घाटनाला फीत काप. ट्रॅक्टरमधलं तुला काय कळतं?" वेळ मी घड्याळात पाहून ठेवली. तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, तेव्हा आगळीक दिसली की आधी वेळ लिहायची, रागवायचं मागाहून, ही सवय जात नाही. (तुला 'चिरंजीव' लिहिते म्हणून हसू नकोस. एकसष्ट झालं तरी तू धाकटाच आहेस, आणि त्या रविवारी तर नऊ वर्षांचा वाटलास.)

तुझा गुडघा कसा आहे? सौ. मेघाची गोळी चालू आहे ना? आणि कन्नडचा आपला तो दीड एकराचा तुकडा यंदा तरी नांगरला का, की अजून 'ट्रॅक्टरवाला मिळत नाही' हेच चालू आहे? दोन वर्षं पडीक पडलेला तुकडा ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तो माणूस ट्रॅक्टरचं शोरूम काढायला निघतो, याचं मला नवल वाटतं. असो. मी फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझी रेंज जाते आणि व्हॉट्सॲपवर तू अंगठा दाखवतोस. हे पत्र नोंदणी करून, पोचपावतीसह पाठवते आहे. छावणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ऑगस्टीना सांगायच्या, की तक्रारीच्या पत्रात आधी तक्रार, मग पुरावा, शेवटी मागणी, आणि रडणं कुठेच नाही. तेवढं मी पाळीन. भरकटायचं नाही असंही त्या म्हणायच्या, ते मात्र मला शाळेतही जमलं नव्हतं.

तर तक्रार अशी. कन्नडच्या बायपासवरची जागा दादांनी आपल्या दोघा लेकरांच्या नावावर ठेवली. तिथे ट्रॅक्टरची एजन्सी काढायची, तीन कंपन्या तयार आहेत, त्यांतली एक निवडायची आणि चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, जागेवर पाटी लावायची, इथपर्यंत मला सगळं मान्य होतं. पण कंपनी निवडली कुणी? तुझ्या विश्वजीतने. कशावरून? गजवीर कंपनीच्या ट्रॅक्टरला टीव्हीसारखा पडदा आहे आणि पहिल्या वर्षी डीलरला बँकॉक दाखवतात, यावरून. एवढा निर्णय घ्यायला त्याला एक सूप प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. तू तुझ्या नोकरीची सगळी पुंजी आणि पोराचं पुढचं आयुष्य या एका पाटीवर लावतो आहेस, राजकुमार. मी घरी येऊन चहा केला, तो निवला, तरी माझ्या डोक्यात एकच प्रश्न. मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही हे अगदी खरं. पण ज्यांना कळतं त्यांना ते कशावरून कळतं?

रागापेक्षा कुतूहल वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने कन्नडला गेले (तुझ्याकडे आले नाही, कारण मी तुझ्याशी बोलत नव्हते) आणि बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मालकाला वही उघडून विचारलं, की बाबा, हाच का घेतलास. सतरा जणांना विचारलं. सतराही जण म्हणाले, आमच्यासारखा ट्रॅक्टर दुसरा नाय. मग कळलं, की ज्याने घेतला त्याला साक्षीला घेण्यात अर्थ नाही. स्वतः पसंत केलेल्या जावयाबद्दल कुणी चारचौघांत वाईट बोलतं का? एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली. ट्रॅक्टर पाहायला आलेला प्रत्येक माणूस आधी मागच्या टायरला लाथ मारतो. मी विचारलं, यातून काय समजतं? एकालाही सांगता आलं नाही. मीही एकाला मारून पाहिली. मला फक्त चप्पल सैल असल्याचं समजलं.

पण बाजारात एक नाव सारखं येत होतं. "कडुबाला इचारा, त्याला समद्या ट्रॅक्टरची नाडी कळती." हा कडुबा पिशोरच्या रस्त्याला राहतो, तीन एकर अद्रकाची जमीन आहे, वय साठीचं, अंगात पांढरा सदरा आणि चेहरा असा की याने आयुष्यात खोटं म्हणून बोललेलं नसेल. मी त्याला म्हटलं, मला तिन्ही ट्रॅक्टर एकाच रानात चालवून पाहायचे आहेत. तो आभाळाकडे बघून म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी माझं रान हाजिर हाय. पर अगुदर नांगर, मंग ढेकळं फोडाया रोटाव्हेटर अन् शेवटाला लागवडीचे उंच वाफे, म्हंजी बेड, पाडायचं यंत्र, आसं क्रमानं घ्या. तव्हा खरी परीक्षा व्हती." मला इतकं बरं वाटलं! शास्त्रीय बुद्धीचा माणूस. त्याची बायको पारूबाई पदर तोंडाला लावून आत गेली, ते मी लाजणं समजले.

मी तिन्ही कंपन्यांना फोन करून 'डेमो' मागितला. (डेमो म्हणजे कंपनीचा माणूस आपला ट्रॅक्टर, आपलं अवजार आणि आपलं डिझेल घेऊन येतो आणि गिऱ्हाइकाच्या रानात चालवून दाखवतो. मी होणाऱ्या डीलरची बहीण, त्यामुळे तिघेही धावत आले.) बुधवारी गजवीर. त्यांचा अतुल म्हणून जो साहेब आहे, तोच तो हॉटेलात तुला 'सर' आणि मला 'मावशी' म्हणणारा, काळा चष्मा लावून बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, नांगर बारा इंच जातो. मी पर्समधून स्टीलची पट्टी काढली. साडेआठ. तो म्हणाला, मावशी, माती कडक आहे. मी म्हटलं, बाळ, मऊ माती असलेलं गिऱ्हाईक तुम्ही कुठून आणणार? डिझेलची टाकी मी सुरुवातीला काठोकाठ भरायला लावली होती, आणि काम झाल्यावर पुन्हा काठोकाठ भरताना किती लागलं ते माझ्या पाच लिटरच्या मापाने मोजलं. (माप माझं स्वतःचं आहे. खात्याचं मी निवृत्तीच्या दिवशी पावती घेऊन परत केलं.) अतुलने चष्मा काढला तो पुन्हा लावला नाही. त्यातही एक सांगते, नांगरट देखणी होती. पट्टी साडेआठ म्हणाली तरी देखणी होती, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

गुरुवारी मातीराज कंपनी रोटाव्हेटर घेऊन आली, सोबत ड्रोनवर फोटो काढणारा. त्या दिवशीचा प्रसंग तुझ्या कानावर आला असेलच, कारण कन्नडमध्ये कुणाला शिंक आली तरी तुझ्याकडे पोचते. काम संपल्यावर रोटाव्हेटर सोडवून ठेवला होता आणि ट्रॅक्टर रिकामा उभा होता. हो, मी तो चालवला. मी फक्त विचारलं होतं, की क्लच इतका जड का असतो, आणि त्यांचा माणूस म्हणाला, बसून बघा मॅडम. बसले. पुढे जायच्या ऐवजी तो मागे गेला, आणि मागे कडब्याची गंजी होती. कुणाला लागलं नाही. गंजी मात्र आडवी. पारूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, आमच्या दोनी शेळ्यायनं मिळून वरीसभरात येवढा कडबा पाडला नाय." ड्रोनवाल्याने सगळं टिपलं आहे. ते विश्वजीतपर्यंत पोचलं असेल तर त्याला सांग, आत्याचा हात स्टिअरिंगवर सरळ होता, चूक गिअरची होती.

शुक्रवारी धरणीधर. हा ट्रॅक्टर दिसायला जुन्या सरकारी कपाटासारखा, रंगही तसाच. साहेब वगैरे कुणी नाही. बन्सी नावाचा मिस्त्री स्वतःच ट्रॅक्टर चालवत आला, रॉकेलच्या डब्यासारख्या पेटीत पाने-पकडी घेऊन. त्याने बेड पाडले, सरळ, एकसारखे, वहीच्या ओळी आखाव्यात तसे. बांधावर बघायला माणसं जमली होती. पहिल्या दिवशी अकरा होती, दुसऱ्या दिवशी चौदा (गंजी पडल्यावर एकोणीस) आणि तिसऱ्या दिवशी तेवीस. मी मोजते, मला राहवत नाही. सकाळी अकराच्या सुमारास तीन एकर रान लागवडीला तयार होऊन समोर पसरलं होतं, आणि तेव्हा मला, तीस वर्षं वजन मारायला लोकांनी काट्याखाली चिकटवलेली चिंच शोधून काढणाऱ्या मला, पहिल्यांदा सुचलं. मी विचारलं, कडुबा, तुमचा स्वतःचा ट्रॅक्टर कुठे उभा असतो?

पारूबाईला आता हसू लपवायला पदर पुरेना. "कोणता ट्रॅक्टर, बाई? सहा वर्सं झाली, आमचं रान डेमोवरच चालू हाय."

ऐकलंस? सहा वर्षं! दर उन्हाळ्यात हा गृहस्थ एकेका कंपनीला फोन करतो, 'घ्यायचा इचार हाय' म्हणतो, आणि नांगरापासून बेडपर्यंत सगळं रान फुकट करून घेतो. कंपनीचे साहेब वर्षाला बदलतात, कडुबा बदलत नाही, त्यामुळे दर वर्षी त्याची नव्याने ओळख होते. यंदा तर त्याला फोनही करावा लागला नाही. फोन मी केले. मी रागाने लाल झाले. माझ्या नोकरीत मला एकाही दुकानदाराने असं फसवलं नव्हतं. मी सांगितलं, कडुबा, ही सरळ सरळ लबाडी आहे. तर तो शांतपणे म्हणाला, "व्हय. पर घ्यायचा इचार खरंच हाय. रोज सकाळी येतो. दुपारपस्तोर जातो."

मी बांधावर बसले, पाणी प्याले, आणि राग उतरायला लागला तसं कुतूहल वर आलं. राजकुमार, विचार कर. सगळ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर, दर वर्षी, एकाच रानात, एकाच मातीत चालताना पाहिलेला आणि त्यांतला एकही विकत न घेतलेला माणूस अख्ख्या तालुक्यात एकच आहे. त्याला कुणाचं गुणगान गायची गरज नाही. इतका निर्मळ साक्षीदार मला तीस वर्षांत मिळाला नाही. मी वहीचं नवं पान काढलं आणि म्हटलं, आता खरं सांगा. तो म्हणाला, ताकद समद्यायचीच सारखी, उन्नीस-बीस. डेमो झाल्यावर चार रोजांनी तो प्रत्येक कंपनीला फोन करतो, की एक सरी राहिली, किंवा बेड खचला, येऊन जा. गजवीरचा फोन लागत नाही. मातीराजवाले म्हणतात, तक्रार नंबर घ्या. बन्सी येतो. सहा वर्षांत दर वेळी आला आहे, फटफटीवर, पेटी पुढे टाकीवर ठेवून.

मग मी बन्सीकडे वळले. त्याला विचारलं, की हा माणूस ट्रॅक्टर घेणार नाही हे तुला माहीत आहे? तर म्हणे, पहिल्या वर्षापासून. "मग येतोस कशाला रे?" बन्सीने पान्याने बांधाकडे दाखवलं. "हे तेवीस जण कशाला आले, बाई? कडुबाच्या रानात डेमो हाय म्हनलं की चार गावं येत्यात. हितं बघितलेले पाच ट्रॅक्टर मी ह्याच बांधावरून इकले. कडुबा नाय घेत, पर कडुबाला इचारल्याबिगर कुणी घेत नाय." तेव्हा मला कळलं, की आपण बायपासवर काच लावून जे शोरूम काढणार आहोत ते सहा वर्षांपूर्वीच पिशोरच्या रस्त्याला उघडलं आहे, आणि त्याच्या मालकाकडे दोन शेळ्या आहेत. (जाता जाता टायरच्या लाथेचंही विचारून घेतलं. कडुबा म्हणाला, "त्यातून काय बी नाय कळत. पर लाथ नाय मारली तर इकणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक अडाणी हाय." हॉटेलात तू जे मला म्हणालास तेही याच जातीचं होतं, असं मी धरून चालते.)

आता मागणी. पाटी धरणीधरची लागेल. पडदा नाही, बँकॉक नाही, रंग कपाटाचा, पण फोन केला की माणूस येतो, आणि कन्नडच्या शेतकऱ्याला जूनमध्ये बँकॉकचा काही उपयोग नाही. बन्सीला आपल्याकडे घ्यायचं, त्याच्याशी मी बोलले आहे. फीत मी कापणार नाही. ती कडुबा आणि पारूबाई कापतील. आणि विश्वजीतला सांग, हुशार पोरगा आहे, पण एक उन्हाळा त्याने त्या बांधावर उभं राहून काढावा. हे सगळं मान्य असल्याचं तुझं लेखी उत्तर गुरुवार, दहा एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती यावं. नाहीतर गजवीरच्या कागदावर माझी सही होणार नाही, आणि तेवढी सही तुला कुठल्याही पडद्यावर मिळणार नाही.

सौ. मेघाला जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
संध्याआक्का

ता. क. शोरूममध्ये मला एक टेबल हवं. खिडकीपाशी, जिथून रस्ता दिसतो. निवृत्तीला आठ वर्षं झाली आणि गेल्या पंधरवड्याइतकी गाढ झोप मला त्या आठ वर्षांत लागली नव्हती. हे मेघाला दाखवू नकोस, ती लगेच फोन करून रडेल.

ता. क. दुसरा. गंजी मी आणि पारूबाईने मिळून पुन्हा रचून दिली. माझी जरा तिरकी झाली.

ता. क. तिसरा, आणि महत्त्वाचा. अतुलला मी अजून 'नाही' कळवलेलं नाही. शनिवारी, बारा तारखेला, सकाळी आठ वाजता तो गजवीर आणि नांगर घेऊन आपल्या त्या पडीक दीड एकरात डेमोला येतो आहे. नांगरट त्यांची देखणी असते, हे मी वर लिहिलंच आहे. 'आमच्या घरात अजून ठरत नाहीये' असं मी त्याला सांगितलं आहे, आणि तुझं लेखी उत्तर येत नाही तोवर ते अक्षरशः खरं आहे. खोटं मी बोलत नाही. बांधावर वीस माणसं मी उभी करीन. त्यांतून त्याचा एखादा ट्रॅक्टर विकला गेला तर त्याचंही भलं होवो. तू फक्त गुडघा सांभाळून उभा राहा, टायरला एक लाथ मार आणि तोंड उघडू नकोस. तेव्हा वर दिलेली गुरुवारची मुदत रद्द समजावी. शनिवारी नांगराचं शेवटचं तास निघेपर्यंत तुझं उत्तर मला मुळीच नको. त्यानंतर मात्र रविवार, तेरा एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत, लेखी, तारीख आणि वेळ घालून, सहीनिशी हवं.