गच्चीवरची गवार

१२ मे १९६८
बमरोलीच्या मळ्यातून डाहीबेन गवार घेऊन आली. कोवळी, चिमटीत मोडणारी. सूनबाई, शैला, भाव न करताच टोपलीतून उचलायला लागली. मीच घासाघीस केली. दाण्याचं कूट घालून भाजी, हे दोनदा मागून जेवले. उरलेली सगळी आंबट ताकात, मीठ घालून. उद्या गच्चीवर वाळत. पावसाळ्यात तळायला होईल.

१५ मे
गवार कमी! ताटावरचं जुनं धोतर एका कोपऱ्याला उचललेलं. खार असती तर कुरतडून टाकली असती. शेजारच्या जसुबेनची गच्ची आमच्या गच्चीला लागून. सकाळी उगाच हसली, केम छो वगैरे. मीपण हसले. लक्ष आहे म्हणावं माझं.

१८ मे
जसुबेन दोन दिवस बारडोलीला, भावाकडे. तरी गवार कमी. म्हणजे घरातलंच कुणीतरी. यांना दात नाहीत. मुलगा, विनू, बँकेतून येतो तो दमून, जिना चढायचं नाव नाही. राहता राहिली...
शिवाय काही शेंगा काळ्या पडल्यात.

२१ मे
तांदूळ निवडताना एकदम लक्षात आलं. शैला या महिन्यात बाजूला बसली नाही. गेल्या महिन्यातही बसल्याचं आठवेना. लपवते! आणि तशीच वाळवणाला हात लावते. मग काळी पडणार नाही तर काय. विनूला आडून सांगून पाहिलं, वर्तमानपत्रातून मान वर नाही. मिळालेले आहेत दोघं.

२३ मे
दुपारी गच्चीत गाठलं. चोरून खाल्लेलं एक वेळ चालेल, विटाळ कालवलेला चालायचा नाही, असं तोंडावर बोलले.
ती ओचा धरून खाली बसली. ओच्यात शेंगा.
"आई, बाजूला बसायची वेळच आली नाही. तिसरा लागलाय."
मी ताट धरून उभी. मला का नाही सांगितलं म्हटलं.
"मागच्या वेळी तुम्ही आळीभर पेढे वाटलेत. मग पडलं, तेव्हा एकेकजण मलाच विचारायला यायची."

२४ मे
विनूला माहीत. जसुबेनलासुद्धा माहीत! घरात मीच तेवढी परकी. पेढे काय वाईट चिंतून वाटले होते? दिवसभर धुसफूस. पण ती ओचा सावरत जिना उतरली, ते डोळ्यांसमोरून जात नाही. यांनाही काही बोलले नाही.

२७ मे
गवार वाळली, डब्यात भरली. डबा वरच्या फळीवर नाही, खाली ठेवला. झाकण सैल.

२ जून
डबा हलवून पाहिला. काठोकाठ. डोहाळे सरले, का माझ्या हातचं नको, का आणखी काही... नाही, ते लिहायचं नाही. विचारायचं तर मुळीच नाही.

४ जून
डाहीबेनकडून परत गवार घेतली. आता मृग आला, एवढी कशाला, म्हणाली. पाहुणे येणारेत म्हटलं. ती शैलाकडे बघून हसल्यासारखी वाटली. हिलाही माहीत की काय!

५ जून
ताट गच्चीवर टाकलं. ताक मुद्दाम जास्त आंबट घेतलंय. वर धोतर, एक कोपरा उचलून ठेवला. खाली येऊन बसलेय. जिन्यावर पाऊल वाजतं का ऐकतेय.