ओळ संपली की आवाज गायब

३ फेब्रुवारी, सोमवार

मितेशचं दुकान बंद पडो! ठाण्यापर्यंत जाऊन त्याच्याकडून माईक आणि यूएसबीचा डबा आणला. म्हणे, लावा आणि गा, एकदम स्टुडिओ! पहिल्याच दिवशी लॅपटॉपला डबा दिसेना. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.

आणि वेळ कुठे आहे? सतराला पप्पांचं ऑपरेशन. घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढणार, नंतर आवाज नाही. डॉक्टरांनी हे पार्किंगचा दर सांगावा तसं सांगितलं. पप्पांनी स्वतः रचलेली, दरवर्षी जयंतीला वस्त्यावस्त्यांत गायलेली गाणी — एकही कुठे रेकॉर्ड नाही. चालीसकट सगळी त्यांच्या डोक्यात.

५ फेब्रुवारी

पंख्याची घरघर फार येत होती. सॉफ्टवेअरमध्ये 'गेट' असतं ते लावलं — बारीकसारीक आवाज ते आतच येऊ देत नाही. घरघर गेली. आता पप्पा दुपारी एकटे असताना गातील. लाल बटण दाबायचं, एवढंच शिकवलं. माझ्यासमोर त्यांना गाता येत नाही. मी हेडफोन लावून तोंड वाकडं करते म्हणे. करतेच!

६ फेब्रुवारी

ऑफिसातून येऊन ऐकलं आणि डोकंच फिरलं. ओळ स्वच्छ येते, आणि संपली की आवाज गायब! ठार शांत. मग पुढची ओळ. पुन्हा गायब. सगळ्या गाण्यांत तेच. सगळं पुसून टाकलं.

पप्पांना म्हटलं, मशीन आवाज तोडतंय, उद्या पुन्हा गा. 'बरं,' म्हणाले. या माणसाला राग येतच नाही, म्हणून माझ्या वाट्याला दोघांचा आलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

केबल बदलली. पोर्ट बदललं. बफर वाढवला. तेच! मितेशला फोन केला तर म्हणे तुमचा लॅपटॉप जुना आहे. विकताना नव्हता का रे जुना? पैसे हातात पडले की यांचे कान बंद. कालचे, आजचे, सगळे टेक पुसले. अख्खं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं.

९ फेब्रुवारी

तेच. पुसलं.

११ फेब्रुवारी

पप्पांचा घसा पार बसलाय. तरी मी म्हटलंच, एकदाच अजून. कोमट पाणी प्यायले आणि आत जाऊन एक गाणं गायले. बाहेर येऊन म्हणाले, 'स्वप्ना, मशीनला माझा आवाज पसंत नसेल गं.'

डबा भिंतीवर आपटणार होते! तुमच्या आवाजात काही खोट नाही म्हणून त्यांच्यावरच ओरडले. हे तरी काय, ओरडून सांगायची गोष्ट आहे?

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलचा फोन. ऑपरेशन उद्याच, आज भरती व्हा! सतरा म्हणजे सतरा ना? भांड भांड भांडले. पण गाठ वाढतेय म्हटल्यावर काय बोलणार. आठवडा त्या डब्याने खाल्ला आणि हातात काय, तर काल गायलेलं एक तुटकं गाणं. तेही पुसायचं राहिलं म्हणून.

१६ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं म्हणतात. पप्पा हाताने खुणा करतात, पंखा कमी कर. मला दोनदा कळलंच नाही. घरी येऊन मितेशला मेसेज लिहिला — आईबहीण न काढता जेवढं लिहिता येतं तेवढं सगळं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पप्पांना हॉस्पिटलमध्ये बघून परतताना ठाकुर्लीचे गुणाजीकाका घरी आले. पप्पांच्या गाण्याच्या पार्टीत ते झील धरायचे — पप्पांची ओळ संपली की तीच मागून उचलायची. काही असेल तर ऐकव म्हणाले. तुटकं आहे, असं आधीच सांगून ते गाणं लावलं. ओळ संपली. शांतता. आणि काकांनी बसल्या जागी झील उचलली. त्यांचं संपलं तिथे बरोबर पप्पांची पुढची ओळ. शेवटच्या कडव्यापर्यंत तसंच.

'तुटकं कुठाय?' काका डोळे पुसत म्हणाले. 'शिवरामने माझी जागा सोडलीय.'

डबा चांगला होता. ती ठार शांतता मीच लावलेल्या गेटची होती. मी पुसली ती सगळी गाणी चांगली होती.