मुखवट्यामागचं वाक्य

आप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी विंझरच्या पडवीत दुपारी बसलं की तुमच्या खोकल्याचा भास होतो. तुम्ही होतात तेव्हाची एक दुपार अजून डोळ्यांपुढं आहे: समोर राजगड उन्हात विरघळल्यासारखा दिसतोय, तुम्ही पावटे सोलताय आणि मी लॅपटॉप उघडून बसलेय. उडणाऱ्या नायकाचा परदेशी सिनेमा आहे, त्याचे संवाद मराठीत लिहायचेत. पडद्यावर एक अक्राळविक्राळ प्राणी लष्कराची गाडी उचलून भिरकावतो, सैनिक पाचोळ्यासारखे उडतात आणि मग कुठं नायक आभाळातून अलगद उतरतो.

"मागं घे," तुम्ही म्हणालात. "त्या गाडीत किती पोरं व्हती?"

"आप्पा, पिक्चर हाय."

"ठावं हाय. पन किती?"

मी हसले. तुम्ही वीस वर्षं फौजेत गाडी चालवलेली, एकदा मेलेल्या सोबत्याची ट्रंक त्याच्या आईच्या दारात ठेवून आलेले. "हिरू येईस्तवर मरायला न्हाईत जात मानसं फौजेत," एवढंच बोललात आणि भिंतीला टेकून डोळे मिटलेत. मला तेव्हा वाटलं, झोप लागली.

यंदा तसाच एक सिनेमा हातात आला. त्यात वैमानिक गावावर बॉम्ब टाकतो आणि मग विचारतो, "खाली किती माणसं होती?" मला ते तुमच्याच आवाजात ऐकू आलं. मी जसंच्या तसं लिहिलं. स्टुडिओतले साहेब म्हणाले, "ताई, लोकांना असलं चालत नाही. त्यानं मास्क घातलाय, ओठ दिसत नाहीत. काहीही बसतं." दोन दिवस मी नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, मग दुसऱ्याकडून लिहून घेतो. तेव्हा मी लिहून दिलं, "देशापुढं काहीच मोठं नाही!"

परवा तो सिनेमा आपल्या घरी टीव्हीवर लागला. आई होती, शेजारच्या बाया होत्या. विमान वळलं, धूर कापसासारखा तरंगत राहिला, त्यातून गाव पुन्हा दिसलंच नाही. माझं वाक्य आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई वळून म्हणाली, "ह्ये तू लिव्हलंस?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. मी म्हटलं, "व्हय, म्याच." आणि आप्पा, मला लई बरं वाटलं.