रिकाम्या बरणीत उगवलं ते

आदरणीय व्याहीबुवांस नमस्कार.

तुमच्या चिरंजीवांच्या एका रिकाम्या बरणीपायी आजवर माझं काय काय गेलं ते आधी सांगतो: शीतगृहाचा एक अख्खा कोपरा, दुपारची झोप आणि सौभाग्यवतींचं माझ्याशी बोलणं (ते आता लेकीशी चालतं, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं). तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो. आम्ही सर्व मजेत आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो.

जावईबापूंचं काम तुम्ही जाणताच. इथलं साधं शेवाळ दुसऱ्या ग्रहावर तग धरेल का, हे त्यांना बघायचंय. (इथे माणसांना तग धरवेना, पण तो विषय वेगळा.) त्यासाठी तिथल्यासारखी तांबडी माती, विरळ हवा आणि थंडी लागते. माती आणि पंप प्रयोगशाळेचे, थंडी सासऱ्याची. (ग्रहाइतकी नाही, पण सुरुवातीला चालते म्हणे.) फळांच्या पेट्या डोक्यावर वाहून वाहून मी हे शीतगृह उभं केलंय, त्यामुळे जेवताना जरा छाती काढून बोललो, "माझ्या खोलीत आजवर बुरशीचा ठिपका उठलेला नाही. बरण्या तिथेच भरा." त्या भल्या माणसानं खरंच तिथेच भरल्या. दोन बरण्यांत शेवाळ, तिसरीत नुसती माती. तिसरीत काही उगवू नये, एवढंच तिचं काम.

शेवाळ दोन्हीकडे मेलं. रिकामीत मात्र काळी लव आली, आणि ती चांगली बाळसं धरतेय.

त्यांच्या मोठ्या मॅडम येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, हा यांचा निष्काळजीपणा असेल तर नोकरी पक्की होणं विसरा. दोष जागेचा असेल, म्हणजे बुरशी छतावरून बरणीत पडली असेल, तर मालकानं तसं लिहून द्यावं, प्रयोग दुसरीकडे पुन्हा करू. तेव्हापासून घरातला जो तो मला पेन आणून देतोय. काल लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, एका ओळीनं तुमचं काय जातं?"

काय जातं म्हणजे? फळांचे व्यापारी कानानं माझ्याहून तिखट. उद्या बाजारभर होईल. आणि जे नाहीच ते लिहून कसं देऊ? तेव्हा वडील या नात्यानं तुम्हीच चिरंजीवांना समजवा. मातीतून आली म्हणा, पंपातून आली म्हणा, फार तर थेट त्या ग्रहावरून आली म्हणा. माझं छत सोडून बोला.

आपला,
वैतागलेला व्याही

ता. क. : लेकीचं तोंड बंद करावं म्हणून तिच्यासमोर स्वतः शिडी लावून छतापर्यंत चढलो. खाली उतरून मॅडमना हवी ती ओळ सहीनिशी दिली. नोकरीच्या काळजीचं कारण उरलं नाही. समजवायचं राहू द्या.

आणखी एक : मागे तुमच्या न्हाणीघराची भिंत ओलीनं काळी पडली होती, तिला काय लावलं होतं ते उलट टपाली कळवा. जरा जास्तच लागेल. पंख्यामागे परातीएवढी बुरशी आहे.