सतरा नंबरचा व्हिडिओ

२ फेब्रुवारी, रविवार

भरला! अर्ज भरला. आता माघार नाही.

आमच्या त्या दीपगृहाच्या मालिकेला पंचवीस वर्षं झाली, म्हणून चाहत्यांच्या मंडळाने फॅन व्हिडिओंची स्पर्धा काढली आहे. मालिकेतली दृश्यं कापायची, आपल्या आवडीच्या गाण्यावर बसवायची, तीन मिनिटांच्या आत. नावं गुप्त, प्रत्येकाला फक्त एक नंबर. आणि परीक्षक कोण? स्पर्धकच! प्रत्येकाने बाकीच्यांना दहापैकी गुण द्यायचे. म्हणजे एकमेकांच्या मुळावर उठायची सोय अगदी नियमातच करून ठेवली आहे.

अर्जात शेवटी एक प्रश्न होता — ‘तुम्ही व्हिडिओ का बनवता?’ बराच वेळ तिथेच अडकले. मग ‘आवड’ लिहिलं. खरं तर ‘जिंकायला’ लिहायचं होतं. या वयात काहीतरी जिंकावंसं वाटतंय, त्यात लाजायचं काय?

दुपारी आईकडे गेले होते. आमच्या जुन्या व्हीसीआरच्या कॅसेटी मागितल्या. म्हणाली, “इथे नाहीत. तुझ्या ताईकडे असतील.” मग विचारलं, “कशाला हव्यात?” म्हटलं, “सहज.”

ताईला काही विचारलं नाही. कॅसेटी मागितल्या तर ती कारण विचारणार, कारण सांगितलं तर हसणार. आणि नाही हसली तर स्वतः भाग घेणार! ते जास्त वाईट. जाऊ दे. मालिकेची स्वच्छ प्रत हल्ली कुठेही मिळते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कामात लक्ष नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही खोटे दात बनवतो. साच्यातून काढा, घासा, छटा जुळवा, चकचकीत करा. आज एका आजोबांच्या कवळीला इतके पांढरेशुभ्र दात लावले, की मालक म्हणाले, “अहो बाई, माणूस ऐंशीचा आहे. लग्नाला उभा नाही करायचा त्याला.” सगळे खो खो हसले. मीही हसले. डोक्यात मात्र गाणं चालू होतं.

कोणतं गाणं ते अजून ठरत नाही. पूर्वी असं होत नसे. पूर्वी गाणं नंतर यायचं, आधी माणूस ठरायचा.

ते शनिवार! एक व्हीसीआर आमचा आणि दुसरा शेजारच्या काकूंकडून संध्याकाळपर्यंत उसना. दोन्ही जमिनीवर मांडलेले, मध्ये वायरींचा गुंता. पहिल्यावर मालिकेची कॅसेट, तिथे मी. दुसऱ्यावर कोरी कॅसेट, तिथे ताई. आमचे चारही हात बटणांवर, म्हणून गाणं सुरू करायला टेपरेकॉर्डरपाशी आईला बसवायचं. विजेच्या बिलावरून कुरकुरत बसायची, पण बसायची. ताई दहावीला आणि मी सातवीत. तिच्या वह्यांवर धूळ बसली होती आणि व्हीसीआरवर मात्र कण नव्हता.

रेकॉर्डचं बटण दाबलं की ते मशीन लगेच कामाला लागत नसे. आधी आळस देणार, घरघरणार, मग चित्र घेणार. म्हणून ताई गाण्याचा ठोका पडायच्या जरा आधीच बटण दाबायची. तो ‘जरा’ कुठल्या घड्याळात नव्हता, तिच्या अंगठ्यात होता. पुढे माझ्याही अंगठ्यात उतरला. चुकलं की सगळं मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून. चिडचिड व्हायची, भांडणं व्हायची. एकदा तर मी तिला चावले होते!

आणि प्रत्येक व्हिडिओ कुणा एकासाठी. बाबा पाय मोडून पडून होते तेव्हा त्यांच्यासाठी समुद्राचा केला. काकूंचा मुलगा दूर नोकरीला गेला, तेव्हा त्यांच्यासाठी नुसत्या येणाऱ्या जहाजांचा. काकू तोंडाला पदर लावून बघत होत्या. बाबांनी संपल्यावर फक्त दोन शब्द उच्चारले होते, “परत लावा.” तेवढ्यावर आम्ही आठवडाभर हवेत होतो.

आज वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस त्या वायरींच्या गुंत्यात गेले. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

९ फेब्रुवारी

गाणं मिळालं. जोरकस, ढोलांचं. गेल्या वेळच्या विजेत्याचं असंच होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेल्या स्पर्धेतले वरचे पाच व्हिडिओ लावून बसले. विजेता स्वतःला ‘वावटळ’ म्हणवतो आणि व्हिडिओ खरोखर तसाच. डोळ्याचं पातं लवेपर्यंत चार चित्रं! वीज, लाट, कप्तानाचा चेहरा, काच फुटली, पुन्हा वीज. बघून छाती दडपली. नंतर काय बघितलं ते आठवेना, पण गुण पडले होते भरघोस.

ठरलं. मीही वादळाच्या भागातून सुरुवात करणार. मालिकेतल्या त्या दोघी बहिणी, दीपगृह सांभाळणाऱ्या, त्यांची दृश्यं संथ आहेत. वगळली. मालिका मुळात त्या दोघींचीच होती, हे मलाही कळतं. पण स्पर्धेत संथ चालत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि हसू आलं. माझा प्रत्येक कट ठोक्याच्या जरा आधी पडतोय! कम्प्युटर तर दाबल्या क्षणी कापतो, त्याला आळस माहीत नाही. पण माझा अंगठा अजून त्या जुन्या मशीनची वाट बघतोय. इतकी वर्षं झाली आणि हात अजून त्या खोलीतच बसले आहेत.

मग हसू गेलं. असं पाठवलं तर गुण कापतील. एकेक कट उचलून ठोक्यावर सरकवत बसले. संध्याकाळपर्यंत सगळे सरळ झाले. नीटनेटके, एका रेषेत, माझ्या कवळ्यांसारखे.

मध्येच थांबून स्वतःला विचारलं — हा कुणासाठी? जिंकण्यासाठी, बास! असं म्हणून पुढे चालू केलं. पण त्यानंतर मजा आली नाही, हेही लिहून ठेवते. इथे कोण बघतंय?

१६ मार्च, रविवार

पाठवला. माझा नंबर नऊ.

१८ मार्च, मंगळवार

सगळे व्हिडिओ खुले झाले. एकूण एक बघितले. गुण एकदा दिले की बदलता येत नाहीत, म्हणून जेवायच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून मन लावून दिले. बरेचसे माझ्यासारखेच — वीज, लाट, वीज. त्यांना पाच, सहा. एक वावटळचा असणार, ओळखू येतो. त्याला सात, नाइलाजाने.

सतरा नंबरचा मात्र विचित्र. चित्र मळकट, रंग उडालेले. जुनं दिसावं म्हणून मुद्दाम लावलेला फिल्टर, स्वस्तातली युक्ती! गाणं मंद. आणि कट सगळे ठोक्याच्या आधी. एखादा नाही, सगळेच्या सगळे. शिकाऊ दिसतोय. चार दिले आणि पुढे गेले.

१९ मार्च

सकाळपासून सतरा नंबरचं गाणं गुणगुणतेय. माझं स्वतःचं गाणं आठवायला गेले, तर ढोलापलीकडे काही आठवेना.

२३ मार्च, रविवार

पुन्हा लावला सतरा नंबर. मग पुन्हा. आज दिवसभर दुसरं काही केलंच नाही.

त्यात फक्त त्या दोघी बहिणी आहेत. वादळ नाही, कप्तान नाही. थोरली दिवा घेऊन जिना चढते, धाकटी दार लावते. थोरली झोपते तेव्हा धाकटी पहाऱ्यावर, धाकटी झोपते तेव्हा थोरली. एकीने चहाचा कप ठेवायचा, दुसरीने तो थंड झालेला उचलायचा. एका घरात राहून दोघींची गाठ पडत नाही. गाणं संपत येतं आणि तेव्हा कुठे दोघी एका चौकटीत येतात, जिन्यावर, एक वर जाताना आणि एक खाली येताना. बोलत काहीच नाहीत. थोरली नुसती थोडी सरकून वाट देते.

मालिका पाठ आहे म्हणणारी मी, मला हे कधी दिसलं नव्हतं. घळाघळा रडले. माझ्या व्हिडिओची मला लाज वाटली, तेही स्पष्टच लिहिते.

आणि मग ती रेघ दिसली! धाकटी दार ओढून घेते तिथे पडद्यावर आडवी पांढरी रेघ सरकत जाते. ती रेघ मी कुठेही ओळखीन. त्या भागापाशी मशीनने कॅसेट खाल्ली होती. ताईने फीत बाहेर ओढून, बोटांनी सुरकुत्या काढून, पेन्सिलने गुंडाळून पुन्हा आत घातली होती. तेव्हापासून तिथे ती रेघ यायचीच. म्हणजे हा फिल्टर नव्हेच. ही आमची कॅसेट आहे. आणि ते आधी पडलेले कट म्हणजे...

ताई!

माझ्यापेक्षा चांगला, आणि मला न सांगता! आनंद झाला की राग आला, मला सांगता येत नाही. दोन्ही झालं. त्यात मी तिला दिले चार.

२६ मार्च, बुधवार

तीन दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. आज लावला. भांडण नाही आमचं. ती लांब राहते, तिच्या दवाखान्याच्या पाळ्या, माझी कामं, एवढंच. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींना फक्त आईची औषधं कळवतो. तिला वाटलं आईला काही झालं. घाबरून म्हणाली, “काय गं, काय झालं?”

म्हटलं, “काही नाही. सतरा नंबर बघितला.”

ती म्हणाली, “अगं, मीच फोन करणार होते! किती सुंदर केलायस, छोटे. मी दोनदा रडले दवाखान्यात. पेशंट म्हणाला, सिस्टर, इंजेक्शन मला आहे की तुम्हाला?”

“मी केलाय? ताई, तो तुझा आहे ना?”

“वेडी आहेस का? माझा पाच नंबरचा. विजांचा.”

“तू स्पर्धेत आहेस?”

“तू आहेसच की! मला सांगितलंस का?”

“तू सांगितलंस?”

मग दोघी जे हसायला लागलो! कितीतरी वर्षांनी ताईचं ते हसणं ऐकलं, शेवटी उचकी लागते ते. दोघींनी विजा लावलेल्या. दोघींनी कट उचलून ठोक्यावर सरकवलेले, तिनेही! मी तिच्या पाच नंबरला पाच गुण दिले होते, तिने माझ्या नऊला सहा. “ढोल फार होते गं,” म्हणाली. आणि सतराला? मी म्हटलं, “चार.” ती हळूच म्हणाली, “तीन. मला आधी वाटलं कुणीतरी नवशिका आहे.”

मग मी म्हटलं, “पण ताई, कॅसेटी तर तुझ्याकडेच आहेत ना?”

“माझ्याकडे? मी आईला मागितल्या, तर ती म्हणाली तुझ्याकडे आहेत.”

फोनमध्ये तिच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, “शनिवारी येते मी. तूही आईकडे ये.”

२९ मार्च, शनिवार

आईने दार उघडलं. आम्ही दोघी एकदम दिसलो, तर तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाहीच! म्हणाली, “आलात? बसा.” टेबलावर आमच्या कॅसेटी ओळीने मांडलेल्या. ग्रंथालयातल्या ज्येष्ठांच्या वर्गात शिकली म्हणे व्हिडिओ बनवायला. लग्नाच्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या दुकानदाराकडून आमच्या कॅसेटी मोबाइलवर घेतल्या आणि बटणं दाबत बसली. ठोक्याच्या आधी दाबायचं, एवढं तिला कायमचं माहीत होतं.

ताई म्हणाली, “अगं आई, आम्हाला नुसता पाठवायचास की!”

“मी पाठवलेलं तुम्ही कधी उघडता का? नंतर बघते म्हणता, आणि राहून जातं. दोघींनी एकाच आठवड्यात सहज म्हणून कॅसेटी मागितल्या, तेव्हाच शोधून काढलं काय चाललंय ते. म्हटलं, स्पर्धेत टाकावा. एकमेकींना हरवायला का होईना, शेवटपर्यंत बघाल.”

मी विचारलं, नंबर आला तर काय करशील? तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. “नंबर कसला? मला तो तिथून काढता येत नाही, तेवढा काढून दे. ज्यांच्यासाठी होता, त्यांनी बघितला.”